सोन्याचे कण, लेझर आणि मामांची गाठ : यात खरं किती?

भाळवणीकर
नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. मामांना (वय ६८, मुक्काम विटा, सगळा जन्म गलाईत, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात गेलेला) प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) वाढलेला, एमआरआयमध्ये एकच गाठ, बायोप्सीत ग्लीसन ३+४, म्हणजे मध्यम धोक्याचा. बोन स्कॅन अजून व्हायचाय. मिरजेचे डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा नाहीतर रेडिएशन घ्या.

तेवढ्यात भावकीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. सोन्याचे अतिसूक्ष्म कण शिरेतून सोडायचे, ते गाठीत जाऊन बसतात, मग लेझर मारला की तापतात आणि गाठ जळून जाते. चिरफाड नाही, केस जात नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी. खाली फोन नंबर. फोन केला तर 'पॅकेज' साडेचार लाखांचं, निम्मे आधी भरायचे.

मामा भलतेच खूश आहेत. "आयुष्यभर सोनं वितळवलं, आता तेच माझी गाठ वितळवंल," म्हणतात. माझे प्रश्न दोनच. हे शास्त्र खरं आहे का? आणि असेल तर आपल्याकडं कुठं मिळतं?

भडंगप्रेमी
सोन्याचा आजचा भाव बघता गाठीआधी घर जळायचं.
(चेष्टा सोडा, मामांना लवकर बरं वाटो.)

खडूसकाका
व्हिडिओ, फोन नंबर, निम्मे पैसे आधी. यात विचारायचं काय उरलं? फसवणूक आहे. धाग्याला कुलूप लावा.

कृष्णाकाठची मीरा
काका, नंबर देणारा लबाड असेल, म्हणून शास्त्र लबाड ठरत नाही. नॅनोबा कुठं गायब आहेत? हा त्यांचाच प्रांत.

नॅनोबा
हजर. प्रयोगशाळेत होतो.

भाळवणीकर, शास्त्र खरं आहे. व्हिडिओतल्या माणसाबद्दल नंतर बोलू.

सोन्याच्या कणाचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बराच लहान केला की त्याच्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र हेलकावे घ्यायला लागतात. ठरावीक रंगाच्या प्रकाशाला हे हेलकावे सगळ्यात मोठे होतात, कण तो प्रकाश भरभरून शोषतो आणि ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन भोवतालच्या पेशींना मिळते. साधा गोल बारीक कण साधारण ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश शोषतो. पण हिरवा प्रकाश शरीरात शिरतच नाही, रक्तच तो पिऊन टाकतं. शरीरात त्यातल्या त्यात आत जातो तो डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश, ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या आसपासचा. तिथं रक्त आणि पाणी दोघंही कमी शोषतात. म्हणून कण असा घडवायचा की तो नेमका याच पट्ट्यात शोषेल.

त्याच्या दोन ठळक वाटा निघाल्या. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या गोळीवर सोन्याचं पातळ कवच चढवलं. २००३ साली त्यांनी अशा कवचकणांनी स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी लेझरखाली मारून दाखवल्या, पाठोपाठ उंदरांतल्या गाठी. पुढच्याच वर्षीच्या प्रयोगात उपचार केलेले उंदीर ९० दिवसांनंतरही गाठीविना जिवंत होते. दुसरी वाट जॉर्जिया टेकच्या मुस्तफा अल-सईद यांची. त्यांनी लांबट कांड्या वापरल्या. कांडी जितकी लांबुडकी, तितका तिचा शोषणपट्टा अवरक्ताकडं सरकतो.

आणि तुमच्या मामांच्या दृष्टीनं महत्त्वाचं : माणसांवरची सगळ्यात गाजलेली चाचणी प्रोस्टेटवरच झाली. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातली. २०१९ साली १६ पुरुषांचे निकाल छापून आले. आदल्या दिवशी कण शिरेतून द्यायचे, दुसऱ्या दिवशी भूल देऊन एमआरआय आणि सोनोग्राफीची चित्रं जुळवत लेझरच्या बारीक तारा थेट गाठीपर्यंत न्यायच्या. १६ पैकी १५ जणांत हे नीट पार पडलं. लघवीच्या आणि लैंगिक तक्रारींत लक्षणीय फरक पडला नाही.

भाळवणीकर
म्हणजे व्हिडिओ खरा?

नॅनोबा
व्हिडिओतलं चित्र या चाचणीवरूनच उचललेलं असणार. पण ती होती चाचणी, आणि तीही कमी किंवा मध्यम धोक्याच्या, प्रोस्टेटच्या आतच असलेल्या, एमआरआयमध्ये दिसणाऱ्या गाठींवर. 'चिरफाड नाही' हेही अर्धंच खरं. तार आत घालावी लागते, भूल द्यावी लागते.

खडूसकाका
२००३ ला उंदीर, २०१९ ला सोळा माणसं. आमची एसटीसुद्धा एवढी लेट होत नाही. वीस वर्षांपेक्षा जास्त झाली, अजून एकाही दवाखान्याच्या दरपत्रकात हे दिसत नाही. वर्तमानपत्रात मात्र दर सहा महिन्यांनी 'कॅन्सरवर सोन्याचा उतारा'. नॅनोबा, रागावू नका, पण तुमच्या क्षेत्राला बातम्यांची चटक लागली आहे.

नॅनोबा
रागावत नाही, बातम्यांबद्दल तुमचं बरोबरच आहे. पण उशीर का होतोय ते ऐका.

कण गाठीत जातात कसे, हे आधी. १९८६ साली जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, गळक्या असतात. मोठे रेणू तिथून बाहेर झिरपतात आणि निचरा नीट नसल्यामुळं अडकून राहतात. तीस वर्षं सगळं नॅनोऔषधशास्त्र याच आशेवर उभं होतं. मग २०१६ साली टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटानं आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणारा मध्यक (सगळे आकडे ओळीनं लावले तर मधला) वाटा ०.७ टक्के. बाकीचे बहुतेक यकृत आणि प्लीहा धरून ठेवतात, कारण परके कण गाळणं हेच त्यांचं काम.

भाळवणीकर
०.७ टक्के!! गलाईच्या दुकानात केरात जाणाऱ्या सोन्याचा हिशेब यापेक्षा बरा लागतो. आणि केर आम्ही परत जाळून, गाळून सोनं काढतो. यकृतातलं कोण काढणार?

नॅनोबा
नेमका प्रश्न. कवचकण विरघळत नाहीत, तिथंच राहतात. त्यांनी मोठा अपाय होतो असं चाचणीत दिसलं नाही, पण पंचवीस वर्षं राहिले तर काय, याची विचारणा औषध-नियामक करणारच. म्हणून झिजून बाहेर पडतील असे कण करण्याकडं बऱ्याच जणांचा कल आहे. आयआयटी मुंबई आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रातल्या लोकांनी मिळून हेच केलं. चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांवर म्हणजे लायपोसोमवर सोनं चढवलं. उंदरांत ते लेझरखाली गाठ मारतात आणि नंतर तुटून शरीराबाहेर जातात. २०१५ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. उंदरांत, हे परत सांगतो.

कोइमतूरचा खानापूरकर
भाळवणीकर, आपलं गाव शेजारीच की! मी तिसऱ्या पिढीतला गलाईवाला, दुकान इकडं तमिळ मुलखात. नॅनोबा, एक विचारू का? आमच्याकडं जुन्या सोन्यातनं चांदी-तांबं काढायला तेजाब (ॲसिड) लागतं. मिश्र तेजाबात सोनं पण विरघळतं, पिवळंधमक पाणी होतं. तुमचे कण यातनंच निघतात का आणखी कशातनं?

नॅनोबा
अगदी त्यातनंच! शाळेच्या पुस्तकात ज्याला आम्लराज म्हणायचे ते तुमचं मिश्र तेजाब. त्या पिवळ्या पाण्यात सोन्याचं क्लोराइडवालं आम्ल असतं, आणि आमच्या बाटलीवर तेच नाव लिहिलेलं असतं, फक्त किंमत चौपट. ते खूप पातळ करून उकळायचं आणि सोडियम सायट्रेट टाकायचं. आधी रंग जातो, मग काळपट निळसर होतं, मग बघता बघता डाळिंबी लाल. ही १९५१ ची टर्केविचची पद्धत. त्याच्याही आधी फॅरडेनं १८५७ मध्ये सोन्याचे असे माणकासारखे लाल द्रव करून सांगितलं होतं की हा रंग सोन्याच्या अतिबारीक कणांचाच आहे. सोनं पिवळंच असतं हे फक्त सराफकट्ट्यावर खरं.

कोइमतूरचा खानापूरकर
मायला. म्हणजे आमचे आजोबा नॅनोवाले होते.

भडंगप्रेमी
आता विट्यात पाटी लागणार : 'येथे कॅन्सरचे कण गाळून मिळतील. मजुरी वेगळी.'

नॅनोबा
कुणी करून बघू नका! लाल पाणी झालं म्हणजे औषध झालं नाही. वर सांगितलं तसं गोल कण हिरवा प्रकाश खातो, तो आत पोचतच नाही. कांडी करायला जे साबणासारखं रसायन लागतं ते पेशींना विषारी, ते धुऊन वर दुसरा थर चढवावा लागतो. नाहीतर रक्तात मीठ लागताच कण एकमेकांना चिकटून गोळा होतात. शिवाय प्रत्येक घाणा मागच्यासारखाच निघायला हवा. आमच्या प्रयोगशाळेत यातच निम्म्या लोकांचे पीएचडीचे केस पिकतात.

वाळव्याचा वैद्य
जरा वेगळं बोलतो. सोनं पोटात देणं आपल्याला नवीन नाही. सुवर्णभस्म शेकडो वर्षं दिलं जातंय आणि त्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात हे आता सूक्ष्मदर्शकाखालीही दिसलंय. त्याचा कुठं उल्लेखच नाही याचं वाईट वाटतं.

खडूसकाका
आलं! वाट बघत होतोच.

वाळव्याचा वैद्य
काका, भस्मानं गाठ जाते असं मी म्हटलेलं नाही. माझ्याकडं येणाऱ्या पेशंटला मी आधी मिरजेला पाठवतो, नंतर भूक आणि झोपेचं बघतो. चेष्टा करण्यापूर्वी वाचत जा.

नॅनोबा
वैद्यराजांचं म्हणणं रास्त आहे. फक्त दोन्ही गोष्टींची सांगड नको. भस्मातले कण लहानमोठे, गोळा झालेले असतात, आणि ते लेझरसाठी घडवलेले नाहीत. इथं सोनं औषध म्हणून काम करतच नाही. मारते ती उष्णता. सोन्याऐवजी तांब्याचं सल्फाइड, कार्बनच्या नळ्या, काही रंगद्रव्यं घेऊनही लोक हेच करतात. सोनं आवडतं कारण ते गंजत नाही, शरीराशी फार भांडत नाही, आणि त्याचा पट्टा हवा तिथं सरकवता येतो.

हळदवाली
सांगलीच्या धाग्यात हळद कशी नाही अजून? वसंतदादा मार्केट यार्डात राजापुरीचे सौदे बघत मोठी झाले, विचारायलाच पाहिजे. कर्क्युमिन चालेल का सोन्याच्या जागी?

नॅनोबा
हा हा. कर्क्युमिन शोषतं निळाजांभळा प्रकाश, ४२५ नॅनोमीटरच्या आसपास. तो कातडीतच संपतो. आमटीत घाला.

ओटीतला पामर
ड्युटी संपवून आलोय, थोडं दवाखान्याच्या बाजूनं.

उष्णता हे कॅन्सरमध्ये जुनंच हत्यार आहे. ४२ ते ४५ अंशांवर पेशी कमजोर होते, रेडिएशन आणि केमोचा परिणाम वाढतो. पोटातल्या काही कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर ४१ ते ४३ अंशांचं गरम केमो पोटात फिरवतात. ५० च्या वर काही मिनिटांत पेशी मरते, ६० ला जवळजवळ लगेच. यकृतातल्या लहान गाठींत सुई घालून रेडिओलहरींनी किंवा मायक्रोवेव्हनं जाळण्याचे उपचार आपल्याकडं पुण्या-मुंबईत रोज होतात. सोन्याच्या कणांना या सगळ्यांशी स्पर्धा करायची आहे. सुईनं काम होत असताना आदल्या दिवशी कण का टोचायचे, याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं.

उत्तर असं देतात : सुईभोवती चांगलं-वाईट सगळंच जळतं. कण असतील तर लेझरची ताकद एवढी कमी ठेवता येते की कण नसलेला भाग फारसा तापत नाही. प्रोस्टेटला लागूनच लघवी रोखणारे स्नायू, लैंगिक क्रियेच्या नसा आणि गुदाशय, तिथं हा फरक मोलाचा. म्हणूनच चाचणीला प्रोस्टेट निवडला असावा असा माझा अंदाज.

साताऱ्याची सून
सासऱ्यांच्या यकृतातली गाठ पुण्यात अशीच सुईनं जाळली होती. दुसऱ्या दिवशी उठून चहा मागितला, आम्ही सगळे थक्क. पण पुढच्या स्कॅनला एका कडेला थोडी राहिलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, तिथून मोठी रक्तवाहिनी जाते, वाहतं रक्त उष्णता घेऊन जातं, त्यामुळं ती कड पुरेशी तापली नाही. परत करावं लागलं. सोन्यानं हे टळतं का?

ओटीतला पामर
नाही टळत. वाहतं रक्त सगळ्याच उष्णतेला थंड करतं. प्रकाशाची आणखी एक अडचण आहे. अवरक्त झाला तरी तो काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर नीट पोचतो. उंदराच्या कातडीखालची गाठ वाटाण्याएवढी असते, बाहेरून लेझर धरला की झालं. माणसात तार आत न्यावी लागते ती यासाठीच. आणि प्रोस्टेटमध्ये एक वेगळीच भानगड : एमआरआयला एकच गाठ दिसली तरी बारीक ठिकाणं दुसरीकडंही असू शकतात. दिसलेली गाठ जाळून बाकी ग्रंथी ठेवायची, तर पुढं पीएसए, एमआरआय आणि परत बायोप्सी हे चालूच राहतं.

कृष्णाकाठची मीरा
अल-सईद यांच्याबद्दल एक राहिलं. त्यांच्या पत्नी स्तनाच्या कॅन्सरनंच गेल्या, आणि त्यांचा मुलगा डोक्यामानेच्या कॅन्सरचा सर्जन. बापलेकांनी मिळून या कांड्यांवर काम केलं. काकांना 'बातम्यांची चटक' वाटते तिथं घरात मरण बघितलेली माणसंही काम करत असतात, एवढंच.

खडूसकाका
ते मान्य. तरी माझा प्रश्न उभाच आहे. भाळवणीकर, त्या साडेचार लाखवाल्याला विचारलंत का काही?

ओटीतला पामर
विचारायला एकच गोष्ट पुरे. आपल्याकडं माणसांवरची प्रत्येक औषध-चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत घालावी लागते. २००९ पासून सक्ती आहे, इंटरनेटवर कुणालाही फुकट शोधता येते. नोंदणी क्रमांक मागा, नैतिकता समितीचं पत्र मागा. खऱ्या चाचणीत पेशंटकडून 'पॅकेज' घेत नाहीत, आणि चाचणीमुळं अपाय झाला तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी चाचणी करणाऱ्यावर असते, २०१९ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. आणि त्यांनी बायोप्सी, एमआरआय बघायला तरी मागितला का?

भाळवणीकर
नाही मागितला. फक्त वय आणि गाव विचारलं. आत्ता बाहेर जाऊन फोन करतो.

भाळवणीकर
केला. क्रमांक विचारल्यावर आधी "सर बिझी आहेत", मग "आमची टेक्नॉलॉजी परदेशी आहे, तिला इथला नंबर लागत नाही." परत लावला तर ब्लॉक.

भडंगप्रेमी
कण यकृतात, माणूस गायब.

कोइमतूरचा खानापूरकर
चोराला गलाईवाल्याकडं सोनं विकायला यायची हिंमत होतीच कशी!

तासगावकर
अवांतर : गलाईवाल्यांच्या खोकल्याबद्दल पण कधीतरी धागा काढा. माझे चुलते भट्टीच्या खोलीत तेजाबाच्या पिवळ्या धुरात चाळीस वर्षं बसले. धुराडं नाही, मास्क नाही. सोन्याचा कण शरीरात जाऊन काय करतो यावर एवढी चर्चा, धुरावर कुणी बोलत नाही.

कोइमतूरचा खानापूरकर
खरं आहे दादा. आता बऱ्याच ठिकाणी धूर ओढून घेणारं यंत्र बसवलंय, पण जुन्या माणसांचं व्हायचं ते होऊन गेलं. वेगळा धागा काढाच, मी लिहितो.

भाळवणीकर
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. बोन स्कॅन स्वच्छ आला. मिरजेच्या डॉक्टरांसमोर मामांनी स्वतःच सोन्याचा विषय काढला. ते हसले नाहीत, नीट समजावलं. म्हणाले, चाचणीचा पेपर मी वाचलाय, तुमची गाठ त्यातल्या लोकांसारखीच आहे, पण ही गोष्ट आज माझ्या हातात नाही. तुम्हाला रेडिएशन आणि थोडे महिने हार्मोनचं इंजेक्शन देतो, याचा अनेक वर्षांचा अनुभव आमच्यापाशी आहे. मामांनी दोन-तीनदा "पण सोनं?" केलं, मग कबूल झाले. फुले योजनेत बसतंय, आरोग्यमित्रानं रेशनकार्ड आणि आधार मागितलंय. सकाळच्या गाडीनं जाऊन दुपारपर्यंत घरी, असं रोज करायचं ठरलंय.

कृष्णाकाठची मीरा
फार बरं वाटलं वाचून. रेडिएशनच्या वेळी मूत्राशय भरलेलं ठेवायला सांगतात, गाडीच्या वेळेशी ते जुळवून घ्या. माझ्या काकांची मिरज स्टेशनवर फार तारांबळ उडायची.

तासगावकर
मग माझाही प्रश्न विचारूनच घेतो. आत्याचा स्तनाचा कॅन्सर हाडात आणि फुप्फुसात गेलाय. तोच व्हिडिओ आमच्याकडंही आलाय. समजा उद्या हा उपचार खरोखर मिरजेत सुरू झाला, तर आत्याला उपयोग होईल का?

ओटीतला पामर
नाही, तासगावकर. लेझर जिथं धराल तेवढंच तापतं. पसरलेल्या आजारात ठिकाणं अनेक, काही तर स्कॅनमध्ये दिसतही नाहीत. तिथं सगळ्या शरीरात पोचणारं औषध लागतं : हार्मोनच्या गोळ्या, केमो, किंवा गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असेल तर त्याच्यावरची इंजेक्शनं. बायोप्सीच्या कागदावर ईआर, पीआर (हार्मोनच्या गोळ्या चालतील का ते सांगणारे) आणि हर-टू असे तीन निकाल असतील, ते नावगाव झाकून मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. हाड दुखत असेल तर एका-दोन बैठकींचं रेडिएशन वेदनेवर चांगलं लागू पडतं, तेही या आठवड्यातच विचारा.

नॅनोबा
डॉक्टरांना दुजोरा. गाठ उष्णतेनं मारली की तिचे तुकडे बघून शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि लांबच्या गाठींवरही चालून जाते, असं उंदरांत काही गटांना दिसलंय. त्यावर काम जोरात चालू आहे. पण आत्यांसाठी त्याची वाट बघू नका.

तासगावकर
ईआर पॉझिटिव्ह लिहिलंय, बाकीचं अक्षर लागत नाही. फोटो पाठवलाय डॉक्टर, बघा.